डॉक्युमेंट्रीच्या कॅमेरामनला वेगळा नॅशनल अवॉर्ड असतो का?

हो, असतो की. फक्त 'डॉक्युमेंट्री' या नावाने शोधत बसलात तर सापडणार नाही, कारण राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'नॉन-फीचर फिल्म' असा वेगळा विभाग आहे आणि त्यात सर्वोत्कृष्ट छायाचित्रणाला रजत कमळ देतात. पूर्वी सोबत 50 हजार रुपये मिळायचे, 70 व्या पुरस्कारांपासून 2 लाख झालेत.

गोची अशी की या विभागात डॉक्युमेंट्रीसोबत शॉर्टफिल्मपण येतात, म्हणजे लाइट लावून, रिटेक घेऊन शूट केलेली गोष्ट आणि एकदाच घडणारा क्षण पकडणारा माणूस एकाच रांगेत, मला तरी हे पटत नाही.

66 व्या पुरस्कारांत अजय आणि विजय बेदींना मिळाला तो पश्चिम घाटातल्या बेडकांवरच्या फिल्मसाठी. त्यातला जांभळा बेडूक वर्षभर जमिनीखाली असतो, पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस अंडी घालायला वर येतो, आता बोला, त्याला सांगणार का परत एकदा ये म्हणून? पावसात, चिखलात, कॅमेरा सांभाळत वाट बघायची बस्स.

आणि पुण्याचं कनेक्शन पण आहे बरं का, सिनेमॅटोग्राफर सविता सिंग एफटीआयआयच्या, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, तिथल्याच 'क्रमशः' साठी त्यांना हे अवॉर्ड मिळालं, पुढे 67 व्या वेळी 'सोन्सी' साठी परत, आणि ती डिरेक्ट पण त्यांनीच केलेली. दोन्ही मात्र शॉर्टफिल्म प्रकारातल्या, म्हणजे बघा, माझी तक्रार अगदीच उगाच नाहीये.