कोकणातल्या मुस्लिम बायका स्वतःच्या हक्कांसाठी एकत्र येतात का, की त्यांच्या वतीने बाहेरचेच बोलतात?

येतात. मी चिपळूणजवळच्या एका मोहल्ल्यातली, कोकणी मुसलमान. आमच्याकडे मोर्चे-बॅनर फारसे दिसत नाहीत, म्हणून बायका गप्प आहेत असं तुम्हाला वाटलं असेल.

चार वर्षांपूर्वी माझ्या नणंदेला आखातातून व्हॉट्सअ‍ॅपवर तलाक आला. नवऱ्याचा नुसता आवाज. ती तांदळाच्या भाकऱ्या करत होती, तव्यावरची करपली तरी तिला कळलं नाही. जमातीतले, म्हणजे मोहल्ल्याच्या पंचायतीतले, एक वडीलधारे म्हणाले, "आता इद्दतीला बस," म्हणजे तलाकनंतर बाईने थांबायचा काळ पाळ. पण एका दमात दिलेला तलाक 22 ऑगस्ट 2017 रोजीच सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला होता आणि 2019 च्या कायद्याने तो गुन्हाही झाला होता. हे तिला सांगितलं ते आमच्या बचत गटातल्या बायकांनी.

आम्ही अकरा जणी जमातीच्या बैठकीला गेलो. तिथे बायका बसत नाहीत, तर पडवीत बसलो आणि दारातून बोललो. मागितलं एकच, निकाहनाम्याची, म्हणजे लग्नाच्या कराराची, नक्कल. त्या दिवशी कळलं, आमच्यापैकी आठ जणींनी स्वतःचा निकाहनामा कधी पाहिलाच नव्हता! मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम, किती लिहिलाय तेही माहीत नाही. नक्कल मिळाली आणि पोटगीचा अर्ज तिथूनच सुरू झाला.

2019 च्या त्या कायद्यातली तीन वर्षांपर्यंतची कैद मला पटत नाही. नवरा तुरुंगात गेला तर पोरांच्या फीचे पैसे कोण पाठवणार? त्यापेक्षा 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा बायकांना माहीत व्हायला हवा. नवऱ्याने दोन वर्षं खर्च दिला नाही, किंवा चार वर्षं त्याचा पत्ताच नाही, तर बायको स्वतः कोर्टातून निकाह मोडून घेऊ शकते. आखातात गेलेल्यांच्या गावांत याची किती गरज आहे ते आम्हाला विचारा.

हे काही आजचं नाही. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई इथल्याच मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला, त्यात सात मुस्लिम बायका चालल्या. दलवाईंचं सगळंच मला मान्य नाही, आमच्याकडे त्यांचं नाव अजून हळू आवाजात घेतात. पण त्या सात जणींची आठवण मला सारखी येते.

आणि भेदभाव घरातलाच नसतो. माझी भाची नर्सिंग शिकते. शहरात खोली बघायला गेली की आडनाव ऐकेपर्यंत खोली रिकामी असते. गटातल्या दोघी तिच्याबरोबर दारोदार फिरल्या, तेव्हा सहाव्या घरी जागा मिळाली. जमातीपुढे आणि घरमालकापुढे आम्हाला एकाच वेळी उभं राहावं लागतं. एकीकडे बोललं की दुसरीकडचे म्हणतात, बघा, यांच्यातच खोट आहे. तरी बोलतो.

तुमच्या ओळखीत कुणी अडलेली असेल तर तिला आधी निकाहनाम्याची नक्कल मागायला सांगा. एकटीने जाऊ नये, दोघी-तिघींना सोबत न्यावं.