पहिला पेलेट ग्रिल घेताय? आधी जागा बघा

लाकडी भुशाचे दाबलेले छोटे तुकडे म्हणजे पेलेट; ते जाळून अन्न भाजतो तो पेलेट ग्रिल. घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहत असाल तर ग्रिलच्या आधी जागेचं ठरवा. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत तो अजिबात पेटवू नका. वीज लागत असली तरी आग लाकडाचीच, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. गच्ची वापरायची तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

पेलेट ढकलणारा स्क्रू, पंखा, पेटवणारी कांडी, सगळं विजेवर चालतं. अमेरिकेहून कुणी आणून देणार असेल तर तो 120 व्होल्टचा असणार. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण 60 हर्ट्झची एसी मोटर आपल्या 50 हर्ट्झवर हळू फिरते. 230 व्होल्टचाच घ्या.

खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात. पेलेट शेवटी दाबलेला भुसाच. दमट हवेत तो फुगतो, स्क्रूमध्ये लगदा होतो आणि सुकला की काढता काढता नाकी नऊ येतात. जून ते सप्टेंबर हॉपर, म्हणजे पेलेट भरायचा डबा, रिकामाच ठेवा, पेलेट वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. एक मोडून बघा: कटकन तुटला तर चांगला, बोटांत भुगा झाला तर टाकून द्या. बॉयलरचे पेलेट कितीही स्वस्त मिळोत, त्यावर जेवण नको. त्यात काय मिसळलंय कळत नाही.

पहिल्यांदा रिकामाच तापवा, म्हणजे कारखान्यातलं तेल जळून जाईल. मग चिकन लेग लावा. थर्मामीटर हाडाला न टेकवता जाड भागात खुपसा, 74 अंश सेल्सिअस झालं की उतरवा. आणि बंद करताना प्लग ओढू नका, आतले उरलेले पेलेट जळेपर्यंत पंखा फिरू द्या.