दृष्ट लागेल म्हणून अडून बसू नकोस

तुला अभंगाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकायचाय, पण आजी म्हणते दृष्ट लागेल, म्हणून तू थांबलीयेस ना? तिच्याशी वाद घालू नकोस. तिला मीठमोहऱ्या ओवाळू दे आणि व्हिडिओ बिनधास्त टाक.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- इन्स्टाग्रामवर लाइकचे आकडे लपवायची सोय 2021पासून आहे, ती वापर. नवखे सगळे इथेच अडकतात. दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडून स्वतःची किंमत मोजत बसतात. गीतेतलं ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ तोंडपाठ असतं, पण व्हिडिओ टाकला की नेमकं तेच विसरतं.
- गोरं दाखवणारं फिल्टर नको. आहेस तशी छान दिसतेस.
- घाणेरडी कमेंट? थेट डिलीट.

मुहूर्त बघायचाच असेल तर या आठवड्यातला बघ. हॅशटॅग, एडिटिंग वगैरे नंतर सांगते. आधी पहिला अभंग येऊ दे.