‘नॉन-रिकर्सिव्ह मेकफाइल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न सोलापुरातल्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीचा आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी ती ‘नॉन-रिकर्सिव्ह मेकफाइल सोपी कशी करावी’ या विषयावर मराठीत लिहिते आहे. (मेकफाइल म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा ते संगणकाला सांगणारी फाइल, आणि रिकर्सिव्ह म्हणजे स्वतःलाच आत पुन्हा बोलावणारं.) तिने ‘अपुनरावर्ती मेकफाइल’ असं लिहिलं. संपादक सरांनी ते खोडून ‘अनावर्ती’ केलं. एका मैत्रिणीने ‘गैर-पुनरावर्ती’ सुचवलं. यातलं बरोबर कोणतं, असं ती विचारते.

माझ्या मते तिन्ही नकोत. कारणं मात्र तिन्हींची वेगळी आहेत.

आधी ‘अनावर्ती’. सरकारी कागदपत्रं वाचणाऱ्याला हा शब्द लगेच ओळखीचा वाटेल: आवर्ती खर्च आणि अनावर्ती खर्च. पगार दर महिन्याला, म्हणून तो आवर्ती. इमारत एकदाच, म्हणून ती अनावर्ती. पतसंस्थेतली आवर्ती ठेव तशीच, आणि गणितातला आवर्ती दशांशही तसाच. आपल्या जिल्ह्यात तर ‘आवर्तन’ म्हटलं की उजनीचं पाणी आठवतं. ‘यंदा तीनच आवर्तनं मिळाली’ म्हणजे कालव्याला तीनदा पाणी सुटलं. या सगळ्यांत अर्थ एकच, तीच गोष्ट ठरावीक काळाने पुन्हा येणं. ‘अनावर्ती मेकफाइल’ म्हणजे एकदाच चालवून टाकून द्यायची फाइल, असं कुणी समजलं तर चूक त्याची नाही.

‘पुनरावर्ती’ हा रिकर्सिव्हचा रूढ प्रतिशब्द आहे आणि गणितात तो चालतोही. पण त्याला ‘अ’ लावला की गंमत होते. गीतेच्या आठव्या अध्यायात ‘पुनरावर्ती’ म्हणजे जिथून परत जन्माला यावं लागतं असे ब्रह्मलोकापर्यंतचे सगळे लोक, आणि पाचव्या अध्यायात ‘अपुनरावृत्ती’ म्हणजे परत न येणं, थोडक्यात मोक्ष. आता मेकफाइल मुक्त झाली तर प्रोजेक्ट कोण बांधणार?

राहिलं ‘गैर’. हिंदीत ते नुसतं नकार दाखवतं, पण मराठी कानाला त्यात दोष ऐकू येतो: गैरहजर, गैरसमज, गैरव्यवहार. निर्दोष नकारासाठी आपल्याकडे ‘बिगर’ आहे. जमीन बिगरशेती होते, गैरशेती होत नाही. म्हणून शब्दशःच जायचं असेल तर ‘बिगर-रिकर्सिव्ह’ लिहा, मला अजिबात खटकणार नाही.

पण शब्दशः जावंच का? मुळात इथे नकार कशाचा आहे ते पाहू.

मेक हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. त्याला आपण मेकफाइलीत लिहून सांगतो की अमुक फाइल तमुक फायलींवर अवलंबून आहे आणि ती बनवायची कृती ही. मग तो तारखा-वेळा बघतो आणि जे शिळं झालंय तेवढंच पुन्हा बनवतो. प्रोजेक्ट मोठा झाला की लोक प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळी मेकफाइल ठेवतात, आणि वरचा मेक प्रत्येक फोल्डरात जाऊन तिथे नवा मेक चालवतो. मेकच्या पोटात मेक, त्याच्या पोटात आणखी एक. याला म्हणायचं रिकर्सिव्ह मेक.

म्हणजे ‘पुन्हा पुन्हा’ हा इथला मुद्दाच नाही. मुद्दा आहे ‘स्वतःच्याच पोटात स्वतः’ हा. आणि त्यासाठी मराठीत उपसर्गासारखा वापरायचा शब्द तयार आहे: पोट. पोटभाडेकरू, पोटकलम, पोटजात, पोटठेकेदार. त्याच उजनीच्या कालव्यावर चारीतून निघते ती पोटचारी. गंमत बघा, एकाच कालव्याने चुकीचा शब्दही दिला आणि बरोबरही! चुकीचा आवर्तनाचा, बरोबर पोटचारीचा. म्हणून रिकर्सिव्ह मेकला मी ‘पोटमेक’ म्हणेन.

पोटठेकेदाराशी असलेलं नातं तर चांगलंच जुळतं, कारण दुखणंही तेच, आपल्यापुरतंच बघायचं. पीटर मिलर यांनी १९९८ साली छापलेल्या लेखात नेमकं तेच मांडलं होतं: प्रत्येक पोटमेकला स्वतःच्या फोल्डरापुरतं दिसतं, आख्खा आलेख, म्हणजे कोण कोणावर अवलंबून त्याचा नकाशा, कुणालाच दिसत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. एका सूत व्यापाऱ्यासाठी बिलाचा प्रोग्राम सी भाषेत लिहिला होता. ‘समाईक’ फोल्डरात रकान्यांची यादी होती, आणि तिच्यावरून एक हेडर फाइल (बाकीच्या फायली जिच्यातली माहिती आत घेतात ती) आपोआप तयार व्हायची. ‘छपाई’ फोल्डर ते हेडर वापरायचं. वरच्या मेकफाइलीत मी फोल्डरांची नावं लिहिली होती ती डोक्यात आली तशी, छपाई आधी आणि समाईक नंतर. एक दिवस यादीत ‘काउंट’चा रकाना वाढवला (सुताचा काउंट, म्हणजे जाडी-बारकी) आणि मेक चालवला. छपाई जुन्या हेडरवर तपासली गेली, सगळं ताजं दिसलं, म्हणून तिला हातच लागला नाही. मग समाईकने नवं हेडर काढलं. शेवटी जुनी छपाई आणि नवं समाईक एकत्र जोडले गेले, आणि बिलात दराच्या जागी काउंट छापून आला. चाळीसचं सूत चाळीस रुपयांत! दुसऱ्यांदा मेक चालवला तर सगळं बरोबर. तेव्हापासून त्या दुकानात ‘दोनदा मारायचं’ असा रिवाज पडला, आणि कारण कळायला मलाच दोन महिने लागले.

बिगर-रिकर्सिव्ह पद्धतीत मेक एकच चालतो. फोल्डरांत छोट्या फायली असतात, पण त्या स्वतंत्र चालवायच्या नसतात, मुख्य फाइल त्यांना आत घेते. यासाठी मला परीक्षेतला शब्द आवडतो, ‘पुरवणी’. दोऱ्याने मुख्य उत्तरपत्रिकेला बांधली की तपासणारा सगळं एकच म्हणून वाचतो. माझ्या बिलाच्या प्रोग्रामात छपाई हेडरवर आणि हेडर यादीवर अवलंबून आहे, ही साखळी एकाच मेकला अखंड दिसली असती आणि मी फोल्डरं कुठल्याही क्रमाने लिहिली असती तरी चाललं असतं.

‘रिकर्शन नाही’ असं म्हणणं तसं खोटंही आहे. एकच मेक चालला तरी तो बिलासाठी छपाई बघतो, छपाईसाठी हेडर, हेडरसाठी यादी. हा प्रवास रिकर्सिव्हच आहे. नाही ते फक्त पोटमेक. शिवाय मेकमध्ये रिकर्सिव्ह हा शब्द दुसऱ्याच अर्थानेही येतो. नुसत्या = या चिन्हाने किंमत दिलेलं चल (व्हेरिएबल) ‘रिकर्सिव्ह’ म्हणवतं, कारण त्याची किंमत वापरायच्या वेळी उलगडते. := ने दिलेलं तिथल्या तिथे उलगडतं. दोन्हीकडे ‘पुनरावर्ती’ लिहिलंत तर ‘अपुनरावर्ती मेकफाइलमधील पुनरावर्ती चल’ असं वाक्य तयार होईल, आणि ते बरोबरही असेल!

हे चल तिच्या लेखात यायलाच हवं, कारण सोपं करण्याची खरी अडचण तिथेच आहे. मेक एकच, म्हणून चलंही सगळ्यांची सामायिक. प्रत्येक पुरवणीने ‘फोल्डर’ नावाच्या चलात आपलं नाव टाकलं, तर कृती चालायच्या वेळी त्यात शेवटच्या पुरवणीचं नाव उरतं. := वापरूनही हे टळत नाही, कारण कृतीच्या ओळी सगळ्या पुरवण्या वाचून झाल्यावर उलगडतात. त्यामुळे पुरवणीत कृती लिहूच नयेत. तिने फक्त आपल्या फायलींची नावं, मुळापासूनच्या पूर्ण वाटेसकट, समाईक यादीत += ने वाढवावीत. सीची फाइल कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत आणायचा, नियम मुख्य फाइलीत एकदाच. कुठली फाइल कुठलं हेडर वापरते ते हाताने लिहीत बसू नये, कंपाइलरच ते लिहून देतो. एवढ्यावर पुरवणी चार-पाच ओळींची होते.

आता या सलग वाचल्या जाणाऱ्या फाइलीला नाव. नकारार्थी नकोच. ‘सलग मेकफाइल’ म्हणा. शेत सलग असतं, तुकड्यांत नसतं, हे वाचकाला सांगावं लागत नाही. माझ्या एका मित्राने ‘एकमेकी’ सुचवलं होतं: मेक एकच, आणि सगळे भाग एकमेकांना ओळखतात. शब्द भलताच गोड आहे, पण पहिल्यांदा वाचणारा त्याला छापण्यातली चूक समजेल, म्हणून नाइलाजाने सोडून दिला.

तेव्हा लेखाचं नाव ‘सलग मेकफाइल सोपी कशी करावी’ असं ठेवा. पहिल्या परिच्छेदात एकदाच ‘इंग्रजीत जिला नॉन-रिकर्सिव्ह म्हणतात ती’ एवढं लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. मेकफाइल ‘ती’, फाइलसारखी. मेक ‘तो’. आणि तिच्या लेखातलं ‘मी मेक मारलो’ (म्हणजे चालवला) हे वाक्य सरांनी ‘मी मेक मारला’ असं केलं, ते छापील मजकुरासाठी ठीक आहे. पण लेखात दोन मित्रांचं बोलणं असेल तर तिथे ‘मारलो’च ठेवा. ‘मी जेवण केलो, मी काम केलो’ म्हणणाऱ्या गावातला मुलगा ‘मारला’ म्हणायला लागला तर तो पुण्याचा वाटेल.