नागपूरचे विमानतळ : मध्यावर असण्याचा उपयोग किती?

प्रश्न : नागपूरच्या विमानतळाला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हटले जाते, मात्र परदेशी जाणारी विमाने तेथून मोजकीच सुटतात. देशाच्या ऐन मध्यावर असूनही हे शहर हवाई वाहतुकीचे केंद्र का झाले नाही?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : एके काळी ते केंद्र होते, आणि तेही मध्यरात्री. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे, ती सगळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उतरत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांचीही अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. चार शहरे परस्परांशी थेट जोडायची तर सहा मार्ग चालवावे लागतात. नागपूरला गाठ घातली की चार विमानांत काम भागते. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण टपाल खात्याने स्वीकारले, त्यामागे या सेवेचा मोठा आधार होता.

पुढे जेट विमाने आली आणि मुंबई-कलकत्ता किंवा दिल्ली-मद्रास हे अंतर मध्ये न थांबता दोन-अडीच तासांत कापले जाऊ लागले. मोठ्या शहरांना थेट उड्डाणे भरण्याइतके प्रवासी आणि टपाल मिळू लागल्यावर वाटेत उतरण्याचे कारणच उरले नाही. आजही असंख्य विमाने नागपूरच्या आकाशातून जातात, पण त्यांच्याकडून मिळणारे मार्गनिर्देशनाचे शुल्क भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे जमा होते. शहराच्या पदरात त्यातले फारसे काही पडत नाही. भूगोलाच्या बळावर केंद्र आपोआप उभे राहील, ही विदर्भातील जुनी समजूत आमच्या मते म्हणूनच अपुरी आहे.

‘आंतरराष्ट्रीय’ या दर्जाविषयी सांगायचे, तर त्याचा संबंध उड्डाणांच्या संख्येशी नसून सीमाशुल्क आणि पारपत्र तपासणी यांसारख्या सोयींशी असतो. या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव २००५ मध्ये देण्यात आले. १९५६ मध्ये ज्या शहरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्या शहराच्या विमानतळाला दुसरे नाव शोभलेही नसते. शारजा आणि दोहा येथील सेवांखेरीज हज यात्रेकरूंची विमानेही येथून सुटत आली आहेत.

मध्यावर असण्याचा खरा लाभ आता प्रवाशांपेक्षा विमानांच्या दुरुस्तीत आणि मालवाहतुकीत शोधला जात आहे. विमानतळाला लागूनच मिहान हा मालवाहतूक केंद्र आणि उद्योगांसाठीचा प्रकल्प आहे. एअर इंडियाने बोईंगकडून मोठ्या प्रमाणावर विमाने घेतली, त्या व्यवहारातील बांधिलकीपोटी बोईंगने मिहानमध्ये देखभाल-दुरुस्ती केंद्र उभारून दिले आणि ते २०१५ मध्ये सुरू झाले. ड्रीमलायनरसारखे अवाढव्य विमान हँगरमध्ये ओढून नेऊन, त्याची आसने व आतील पत्रे उतरवून सांगाडा तपासण्याचे काम तेथे चालते. त्यासाठी प्रवाशांची गर्दी लागत नाही. जागा, कुशल तंत्रज्ञ आणि देशाच्या कोणत्याही टोकाहून सारखेच पडणारे अंतर लागते.

आता आपल्या अडचणीविषयी. परदेशी कंपन्या एखादा मार्ग सुरू करताना विमान वर्षभर भरेल का, एवढेच पाहतात, आणि विदर्भातील बराच प्रवासी मुंबई-दिल्लीमार्गे विखुरला जात असल्याने नागपूरची खरी मागणी आकड्यांत दिसत नाही. युरोपात जायचे असेल तर मुंबई गाठण्याआधी दोहामार्गे जोडउड्डाणाचा दर आणि प्रतीक्षेचा वेळ पडताळून पाहावा. सामान नागपूरलाच शेवटच्या मुक्कामापर्यंत नोंदवता येते का, हेही तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.