पोप जॉन पॉल पहिले यांचं पोस्टमॉर्टेम झालं नाही, म्हणजे त्यांना विष दिलं होतं का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: इंदूरच्या तुमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. 1978 साली पोप निवडून आल्यावर 33 दिवसांत गेले, नखं काळी पडली होती, पोस्टमॉर्टेम केलंच नाही, म्हणजे विषप्रयोगच. यात तथ्य किती, आणि असं आपल्याकडे घडलं तर काय तपासतात?

33 दिवस खरे. पोस्टमॉर्टेम झालं नाही, हेही खरं. नखं थोडी काळपट दिसल्याचं तिथल्या एका ननने स्वतः सांगितलं आहे. विषाचा पुरावा मात्र एकही नाही.

व्हॅटिकनने खोटं सांगितलं, पण ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. पोपची देखभाल करणाऱ्या नन सिस्टर विन्चेन्झा रोज पहाटे पोपच्या खोलीबाहेर कॉफी ठेवत. 29 सप्टेंबरला कॉफी तशीच राहिलेली पाहून त्यांनी दार वाजवलं, आत गेल्या, तर दिवा चालू आणि पोप बिछान्यात मरून पडलेले. पोपच्या शयनगृहात पहाटे बाई शिरली हे बाहेर सांगायला शोभणार नाही, म्हणून निवेदनात सेक्रेटरी फादर मॅगी यांना मृतदेह दिसला असं घातलं. हातात काय होतं याबद्दलही दोन बोलणी झाली: आधी धार्मिक पुस्तक, मग नुसते कागद. एवढ्या क्षुल्लक गोष्टी लपवल्या आणि पुढे उघड्या पडल्या, की माणूस म्हणणारच, आणखी काय दडवलंय? इतका मूर्खपणा करून वर लोकांच्या संशयाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

खुनाच्या गोष्टीला खरा आकार आला तो नंतर. 1982 मध्ये बँको अँब्रोसियानो बुडाली, तिचे प्रमुख रोबेर्तो काल्वी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेले सापडले, आणि व्हॅटिकन बँकेचं नाव त्या घोटाळ्यात आलं. 1984 मध्ये एका ब्रिटिश लेखकाने पुस्तक लिहून पोपना डिजिटॅलिस (हृदयाचं औषध, जास्त झालं तर विष) दिल्याचा तर्क मांडला. घोटाळा खरा होता. तो खरा म्हणून चार वर्षांपूर्वीचा खूनही खरा, ही उडी मात्र लेखकाची.

आता डिजिटॅलिसचं बघा. त्याच गटातल्या, हृदयासाठी देतात त्या डिगॉक्सिनची गोळी पोटात गेल्यावर पूर्ण परिणाम व्हायला साधारण 2 ते 6 तास लागतात. जास्त झालं तर आधी मळमळ, उलट्या होतात, कधी नजरेला पिवळट दिसतं, मग ठोके बिघडतात. उशीला टेकून, हातात कागद धरून शांतपणे गेलेला माणूस या चित्रात नीट बसत नाही. उलट 2017 मध्ये पुढे आलेल्या कागदपत्रांनुसार त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी पोपच्या छातीत काही मिनिटं दुखलं होतं. ते थांबलं म्हणून डॉक्टरांना कळवलं नाही. 1975 मध्ये त्यांच्या डोळ्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. वय 65. डॉक्टरांनी हृदयविकाराचा तीव्र झटका, वेळ रात्री 11 च्या सुमाराची, असं लिहिलं. हे पटण्यासारखं आहे. सिद्ध झालेलं नाही.

नखांचं म्हणाल, तर रक्ताभिसरण थांबलं की रक्त खालच्या बाजूला साचतं. अर्ध्या ते एका तासात डाग दिसू लागतात, आणि 6 ते 12 तासांत पक्के होतात. रंग निळसर-जांभळा, ओठ आणि नखंही काळपट दिसतात. ‘अंग निळं पडलं’ हे बहुतेक प्रेतांना लागू आहे. संशय घ्यायचा तर वेगळ्या रंगावर घ्या: चेरीसारखा लाल असेल तर कार्बन मोनॉक्साइड, चॉकलेटी असेल तर नायट्राइटसारखी विषं. तोही इशाराच, थंडीत ठेवलेल्या प्रेतावरही डाग गुलाबी दिसतात.

हेच इंदुरात घडलं तर आधी ठाण्यात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) कायम होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली (पूर्वीचं 174) किमान दोन पंचांसमोर पंचनामा होतो, मग एमवायला (महाराजा यशवंतराव रुग्णालयात) किंवा जिल्हा रुग्णालयात पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी आतल्या अवयवांचे भाग, राखतात: जठर आतल्या ऐवजासकट, लहान आतड्याचा सुरुवातीचा सुमारे 30 सेंमी भाग, यकृत साधारण 500 ग्रॅम, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग. सगळं मिठाच्या संपृक्त पाण्यात. रक्त किमान 10 मिली, सोडियम फ्लोराइड घालून. सीलबंद बाटल्या सीलच्या नमुन्यासह फॉरेन्सिक लॅबकडे जातात. राज्याची मुख्य लॅब सागरला आहे.

घोळ इथेच होतात. बाटली काठोकाठ भरली तर कुजण्याच्या वायूने झाकण उडतं, म्हणून दोन तृतीयांशच भरायची. कोणी चुकून फॉर्मेलिन (अवयव टिकवायचं दुसरं रसायन) ओतलं की सायनाइडसारखं विष सापडणं अवघड. वापरलेल्या मीठपाण्याचा वेगळा नमुना पाठवला नाही तर विष त्यातूनच आलं असं वकील म्हणतो. डिगॉक्सिन रक्तात नॅनोग्रॅममध्ये असतं, नेहमीच्या तपासणीत निसटतं. त्याचं नाव लॅबला लिहून द्यावं लागतं. शिवाय मृत्यूनंतर हृदयातल्या रक्तात ते आपोआप वाढतं, म्हणून रक्त मांडीच्या शिरेतून घ्यायचं. पोपच्या बाबतीत तर एकही नमुना राखला नाही, आणि देह टिकवण्यासाठीचं रासायनिक लेपनही लगेच, 29 तारखेलाच झालं. म्हणून विषाचा दावा आज ना सिद्ध होतो ना खोडता येतो, आणि व्हिडिओवाल्यांना रान मोकळं.

आणखी दोन गैरसमज. अहवालात ‘मत राखीव, व्हिसेरा प्रलंबित’ लिहिलं की पेपरात ‘गूढ’ छापून येतं. तो फक्त निकालाची वाट पाहण्याचा शेरा असतो. आणि ‘पीएममध्ये हृदय नॉर्मल होतं’ म्हणून झटका आलाच नाही, असं ठरत नाही. झटक्यानंतर काही तासांत माणूस गेला तर हृदयाच्या स्नायूत डोळ्यांना काहीच दिसत नाही. कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या) वाहिन्या ठिकठिकाणी आडव्या कापून अडथळा शोधावा लागतो.

12 जून 2018 ला आध्यात्मिक गुरू भय्यू महाराज यांनी आत्महत्या केली तेव्हा इंदुरातही तर्कांना ऊत आला होता. पण तिथे मर्ग, पीएम, चिठ्ठी सगळं कागदावर होतं, म्हणून वाद कोर्टात गेला आणि जानेवारी 2022 मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल 6 वर्षांची शिक्षा सुनावली.

ग्रुपवर पुढच्या वेळी कोणी असा व्हिडिओ टाकला तर विचारा: विष कोणतं, कोणत्या नमुन्यात सापडलं, आणि तो नमुना कोणी सील केला?