वडिलांचं सोडियम 112 आहे, तरी सलाईन इतकं हळू का लावतात?

तुम्ही विचारलंय की वडील 71 वर्षांचे, सोडियम 112 निघालं म्हणून आयसीयूत आहेत. सलाईन मशीनवर अगदी संथ चाललंय, पाणी मोजून मिळतं, सारखं रक्त काढतात, रात्री उठवून वार विचारतात, आणि एवढं करून दुसऱ्या दिवशी सोडियम जेमतेम 119. मीठच कमी आहे तर भराभर का देत नाहीत, घरून थोडं खारट आणलं तर चालेल का?

मी 18 वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली बरीचशी आयसीयूत गेली. वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण एका दिवसात 7 ने वाढलं याला आम्ही जेमतेम म्हणत नाही. तेवढंच हवं असतं.

सोडियम दोन दिवसांहून जास्त काळ हळूहळू उतरत गेलं असेल तर मेंदूच्या पेशी आपल्यातले क्षार बाहेर टाकून त्याच्याशी जुळवून घेतात. अशात रक्तातलं सोडियम एकदम चढवलं तर पेशींतलं पाणी झपाट्यानं ओढलं जातं आणि मेंदूतल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टन खराब होतं. फसवं असं की पेशंट आधी छान सुधारतो. दोन ते सहा दिवसांनी जीभ जड होते, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. म्हणून 24 तासांत 8, फार तर 10 च्या वर जाऊ द्यायचं नाही. फिट येत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा 3 टक्क्यांचं सलाईन 10-20 मिनिटांत 100-150 मिली देतात. साध्या सलाईनच्या लिटरमध्ये 154 मिलीमोल सोडियम असतं, या 3 टक्क्यांच्यात 513. तेव्हा सिस्टर पलंगापासून हलत नाही.

घरून खारट काही नको. बहुतेकदा मीठ कमी पडलेलं नसतं, त्याच्या मानानं पाणी जास्त झालेलं असतं. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवीवाटे मीठ काढणारी औषधं), वर अळणी जेवण, आणि भेटेल तो सांगतो 'पाणी भरपूर प्या'. म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरायला एवढं पुरतं.

आमचं खरं लक्ष कुठे असतं सांगू? युरीन बॅगवर. एका रात्री अशाच एका आजींची बॅग तासाभरात 400 मिली भरली, रंग नळाच्या पाण्यासारखा. मुलगा खूश, 'सिस्टर, लघवी मोकळी झाली!' माझ्या पोटात गोळा आला. शरीर पाणी धडाधड टाकायला लागलं की सलाईन बंद असलं तरी सोडियम आपोआप वर पळतं. लगेच डॉक्टरांना उठवलं, रक्त पाठवलं, आणि सोडियम ठरल्यापेक्षा वर गेलेलं निघालं. मग उलट ग्लुकोजचं पाणी लावून ते आवरावं लागलं. आजी चालत घरी गेल्या, पण ती बॅग अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हा तासातासाला बॅग मोजणारी सिस्टर उगीच घिरट्या घालत नसते.

रक्त सारखं काढतात तेही याचसाठी. आणि सलाईन चालू असलेल्या हातातून आम्ही ते घेत नाही, नाहीतर पेशंटऐवजी बाटलीचाच रिपोर्ट येतो. तुम्हाला वाटतं दोन्ही हात टोचून चाळण केली. वार विचारतो तो चाचणी म्हणून. संध्याकाळी 'गुरुवार' म्हणणारा माणूस पहाटे नुसता बघत राहिला, तर रिपोर्टची वाट न बघता फोन करायचा असतो.

आता थोडं कडू बोलते. इनटेक-आउटपुटचा कागद, म्हणजे पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली याची नोंद, बिघडवतात ते नातेवाईक. 800 मिली पाणी ठरलेलं असतं आणि भेटायच्या वेळेत शहाळं, अर्धा कप चहा, डाळीचं पाणी, 'घोटभरच दिलं हो सिस्टर'. असे पाच घोट कागदावर येत नाहीत, मग डॉक्टरांचा हिशेब चुकतो. डाळीचं पाणी हे पाणीच आहे. तोंड कोरडं पडत असेल तर ओला कापूस ओठांवरून फिरवा, चूळ भरायला द्या, पण थुंकायला लावा. तुमच्याकडून काहीही पोटात गेलं तर मोजून सिस्टरला सांगा, ओरडा पडला तरी. सलाईनची जागा लाल झाली, सुजली, आग होते म्हणाले, तरी लगेच हाक मारा.

आणि घरी ते ज्या गोळ्या घेत होते त्यांची पाकिटं उद्या घेऊन या. आयुर्वेदिकसुद्धा. फोटो नको, फोटोत नेमकं नाव कापलेलं असतं.